शेजारी शहरे, वेगळ्या बाजारपेठा : मॉल कुठे उभा राहतो याची पार्श्वभूमी

दोन मध्यम आकाराची शहरे, मध्ये पंचवीस-तीस किलोमीटरचे अंतर, लोकसंख्या जवळपास सारखी. एकात मोठा मॉल उभा राहतो, त्याच्या आजूबाजूला आणखी दुकाने येतात, सुट्टीच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही. दुसऱ्या शहराच्या मुख्य रस्त्यावर मात्र एकेक गाळा रिकामा होत जातो. मग चर्चा सुरू होते ती लोकांच्या ऐपतीची. तिकडच्यांच्या हातात पैसा खेळतो, इकडच्यांचा हात सुटत नाही, वगैरे. गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर हे स्पष्टीकरण फार थोड्या ठिकाणी टिकते. रस्ता कुठून गेला, शहराची हद्द कुठे आखली गेली आणि विक्रीतून येणारा कर कोणाच्या तिजोरीत पडतो, या तीन गोष्टींनी बहुतेक ठिकाणी निकाल लावलेला आहे, आणि तोही पहिले दुकान उघडण्याच्या कितीतरी आधी.

या प्रश्नाचा हिशेब मांडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न अमेरिकेत झाला. टेक्सास विद्यापीठातले विल्यम रायली यांनी १९३१ मध्ये किरकोळ व्यापाराच्या गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला. दोन शहरांच्या मधल्या गावातले गिऱ्हाईक त्या शहरांच्या लोकसंख्येच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाटले जाते, असे त्यांचे म्हणणे. पुढे पॉल कॉन्व्हर्स यांनी त्यावरून दोन शहरांमधली सीमारेषा काढण्याचे सूत्र तयार केले. चार लाखांचे आणि एक लाखाचे शहर ३० किलोमीटरवर असेल, तर मोठ्या शहराची ओढ २० किलोमीटरपर्यंत पोहोचते आणि लहान शहराकडे १० किलोमीटर उरतात.

आता हेच सूत्र तीन लाख आणि अडीच लाखांच्या शहरांना लावून पाहा. रेषा मोठ्या शहरापासून सुमारे १५.७ किलोमीटरवर येते, म्हणजे बरोबर मध्यापासून जेमतेम सातशे मीटर सरकते. पन्नास हजार माणसांचा फरक आणि परिणाम एवढाच! सारख्या आकाराच्या शेजारी शहरांत तफावत का पडते, याचे उत्तर लोकसंख्येत सापडत नाही ते यामुळे.

१९६० च्या दशकात डेव्हिड हफ यांनी लोकसंख्येऐवजी दुकानांचे क्षेत्रफळ आणि अंतराऐवजी प्रवासाचा वेळ धरला. गिऱ्हाईक एका रेषेच्या अलीकडचे किंवा पलीकडचे नसते, ते दोन्हीकडे जाते, फक्त कुठे जाण्याची शक्यता किती एवढाच प्रश्न असतो, हा त्यांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. समजा, घरापासून १० मिनिटांवर २०,००० चौरस मीटरचे केंद्र आहे आणि २० मिनिटांवर शेजारच्या शहरात ८०,००० चौरस मीटरचे. क्षेत्रफळाला वेळेच्या वर्गाने भागले तर दोन्हीकडे २०० येतात, म्हणजे निम्मे निम्मे. मग एक वळणरस्ता होतो आणि २० मिनिटांची १५ होतात. लांबच्या केंद्राचा वाटा लगेच शंभरात चौसष्टवर जातो. एकही नवे दुकान उघडलेले नाही, कोणाचा पगार वाढलेला नाही, फक्त पाच मिनिटे वाचली आहेत. (वेळेची घात किती धरायची हे स्थानिक पाहणीवरून ठरवतात, इथे सोयीसाठी वर्ग धरला आहे.)

सिद्धांत बाजूला ठेवून प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. बंदिस्त, वातानुकूलित मॉलचा आराखडा व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेले वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन यांचा. मिनियापोलिसशेजारच्या इडाइना या उपनगरात १९५६ मध्ये त्यांचे साउथडेल उघडले. शहराबाहेर पसरत चाललेल्या वस्तीला एक केंद्र द्यावे, दुकानांसोबत शाळा, घरे, दवाखाने असावेत, ही त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात मॉल आणि भोवती वाहनतळ एवढेच उचलले गेले, आणि आयुष्याच्या अखेरीस ग्रुएन यांनीच या प्रकाराकडे पाठ फिरवली. मॉलची लाट उसळण्याचे कारण मात्र वास्तुकलेत नव्हते. १९५४ च्या अमेरिकी करकायद्याने नव्या व्यापारी इमारतींवर सुरुवातीच्या वर्षांतच जास्त घसारा (इमारत जुनी होण्यापोटी हिशेबात धरलेली घट) दाखवण्याची मुभा दिली. कागदावर तोटा आणि हातात रोकड, असा हा व्यवहार. जुनी पेठ दुरुस्त करण्यापेक्षा शेतात नवे बांधणे त्यामुळे फायद्याचे झाले. दोनच वर्षांनी आंतरराज्य महामार्गांचा कायदा आला आणि जागा कुठे शोधायची हेही ठरून गेले.

शेजारी शहरांची तुलना करायची तर इंग्लंडमधल्या टाइन नदीकाठाइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण. उत्तर तीरावर न्यूकॅसल, दक्षिण तीरावर गेट्सहेड. दोन्ही मध्यम आकाराची, मध्ये फक्त नदी आणि तिच्यावरचे पूल. न्यूकॅसलने १९७६ मध्ये आपल्या गाभ्यातच एल्डन स्क्वेअर हे केंद्र उभे केले. १९८० च्या दशकात टाइन अँड वेअर मेट्रोचे मॉन्युमेंट स्थानक थेट शहराच्या मध्यावर आले. गेट्सहेडकडे असा गाभाच नव्हता. त्याच्याकडे होती ती हद्दीच्या पश्चिमेला पडून असलेली, वीजकेंद्राची राख टाकलेली जमीन. सरकारने ती उद्योग-सवलत क्षेत्रात घेतली. तिथे बांधणाऱ्याला दहा वर्षे स्थानिक कर माफ, भांडवली खर्चावर शंभर टक्के वजावट आणि परवानग्यांची सोपी वाट. जॉन हॉल या विकासकाने १९८६ मध्ये तिथे मेट्रोसेंटर उघडले आणि पुढे ते युरोपातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक ठरले.

आकडे शहरनिहाय मांडले तर गेट्सहेडने बाजी मारली असे कोणीही म्हणेल. पण गेट्सहेडच्या जुन्या पेठेत उभे राहिले तर चित्र उलटे दिसायचे. मेट्रोसेंटर शहराच्या हद्दीत असले तरी शहराच्या मध्यापासून काही किलोमीटर दूर, आणि त्याचा सर्वांत जवळचा बळी गेट्सहेडचीच पेठ. तिथले १९६० च्या दशकातले ट्रिनिटी स्क्वेअर हे खरेदी केंद्र अखेर २०१० मध्ये पाडावे लागले आणि नवे २०१३ मध्ये उघडले. न्यूकॅसलचा गाभा मात्र तगला, कारण त्याच्याकडे स्वतःचे मोठे केंद्र आणि खालून धावणारी रेल्वे होती. ‘शहराला फायदा झाला का’ असे विचारताना शहराचा कोणता भाग, हे विचारलेच पाहिजे. तुलनेच्या बहुतेक तक्त्यांत हा प्रश्न गळून पडतो याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या पेठेतल्या दुकानदारांचे सगळे आयुष्य त्या एका गळालेल्या रकान्यात असते.

शेफिल्ड आणि रॉदरहॅम यांच्यामध्ये १९९० मध्ये उघडलेले मेडोहॉलही याच जातीचे. पोलाद कारखान्याची बंद पडलेली जागा, शेजारी एम-१ महामार्ग, हद्द शेफिल्डची पण रॉदरहॅम हाकेच्या अंतरावर. मेडोहॉलमागचे विकासक पुढे जर्मनीच्या रूर खोऱ्यात गेले आणि ओबरहाउझेनमध्ये, तिथेही जुन्या पोलाद कारखान्याच्याच जमिनीवर, १९९६ मध्ये सेंट्रो उभे राहिले. त्या भागात एसेन, ड्युइसबुर्ग, म्युलहाइम, बोट्रोप ही शहरे एकमेकांना इतकी खेटून आहेत की एकाची हद्द कुठे संपते ते रस्त्यावरून कळत नाही. म्युलहाइमने १९७३ मध्येच आपला मोठा मॉल एसेनच्या वेशीजवळ, जलद रस्त्यालगत बांधला होता. सेंट्रोनंतर बारा वर्षांनी, २००८ मध्ये, एसेन आणि ड्युइसबुर्ग या दोघांनीही आपापल्या गाभ्यात नवी मोठी केंद्रे उघडली. गिऱ्हाईक तेच होते, दुकानांचे क्षेत्रफळ मात्र वाढत गेले.

कॅलिफोर्नियात या स्पर्धेला करव्यवस्थेने धार दिली. तिथल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे विक्रीच्या किमतीच्या एक टक्क्याइतका विक्रीकर, विक्री ज्या शहराच्या हद्दीत झाली त्या शहराला मिळतो. गिऱ्हाईक कुठे राहते याला किंमत नाही. हे बरीच वर्षे फारसे बोचले नाही, कारण शहरांचा मुख्य आधार मालमत्ता कर होता. जून १९७८ मध्ये मतदारांनी प्रस्ताव १३ मंजूर केला. मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला गेला आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत करपात्र मूल्य वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येईना. शहरांपुढे मग सरळ हिशेब उभा राहिला. घरे बांधू दिली तर रस्ते, गटारे, पोलिस यांचा खर्च येतो आणि उत्पन्न गोठलेले. मोटारविक्रीची दालने आणि मॉल आणले तर तिजोरीत दरवर्षी भर. जमिनीचा वापर लोकांच्या गरजेपेक्षा कराच्या गरजेने ठरू लागला.

लॉस एंजेलिसच्या वायव्येला व्हेन्चुरा आणि ऑक्सनार्ड ही शेजारी शहरे आहेत. मध्ये सांता क्लारा नदी आणि दोघांनाही जोडणारा १०१ महामार्ग. ऑक्सनार्डचा एस्प्लनेड मॉल १९७० चा. १९९० च्या दशकात व्हेन्चुराने आपला जुना मॉल वाढवायला घेतला, त्यासाठी भावी विक्रीकराचा आधार दिला, आणि एस्प्लनेडमधली दोन मोठी दुकाने, सिअर्स आणि रॉबिन्सन्स-मे, नदी ओलांडून तिकडे गेली. १९९९ मध्ये तो मॉल पॅसिफिक व्ह्यू या नव्या नावाने समोर आला. मॉलमध्ये मोठे दुकान गर्दी खेचून आणते आणि लहान गाळे त्या गर्दीवर जगतात, त्यामुळे दोन्ही खांब गेल्यावर एस्प्लनेड तगणे शक्यच नव्हते. ते पाडून तिथे मोठ्या दुकानांचे खुले केंद्र बांधले गेले. पुढे २०१२ मध्ये ऑक्सनार्डने महामार्गालगत नदीच्या आपल्या बाजूला आणखी एक नवे केंद्र उघडले. त्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर दुकाने काही किलोमीटर इकडून तिकडे आणि पुन्हा इकडे सरकली. सार्वजनिक पैसा मात्र प्रत्येक वेळी खर्ची पडला. मला हा सगळा प्रकार अन्यायाचा वाटतो, कारण दोन्ही शहरांच्या नागरिकांनी कर भरून एकमेकांचेच दुकान पळवले. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये, एकाच बाजारक्षेत्रात जागा बदलणाऱ्या मोठ्या दुकानांना आणि मोटारविक्रेत्यांना शहरांनी आर्थिक मदत देण्यावर बंधन घातले. पण कर विक्रीच्या जागीच जमा होत राहिल्याने ओढाताणीचे मूळ कायम राहिले.

यावर तोड काढण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. मिनेसोटाने १९७१ मध्ये मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरातल्या सात परगण्यांसाठी नियम केला, की व्यापारी आणि औद्योगिक करपायात (ज्या मूल्यावर कर आकारतात त्यात) त्यानंतर जी वाढ होईल तिचा ४० टक्के भाग सामाईक साठ्यात जाईल आणि तिथून सर्वांना वाटला जाईल. मॉल शेजारच्या हद्दीत गेला तरी आपण कोरडे राहत नाही, एवढा दिलासा त्यात आहे. इंग्लंडने १९९० च्या दशकात, विशेषतः १९९६ च्या मार्गदर्शक धोरणाने, आधी गाभा, मग गाभ्याची कड आणि तिथेही जागा नसेल तरच शहराबाहेर, असा क्रम घालून दिला. मेडोहॉलसारखे केंद्र त्यानंतर मंजूर करून घेणे खूप अवघड झाले. जर्मनीत शेजारच्या नगरपालिकांनी आराखडे एकमेकांशी जुळवून घ्यावेत असे बांधकाम कायदाच सांगतो आणि शेजारी शहर आपल्या पेठेवर होणाऱ्या परिणामाचा मुद्दा घेऊन उभे राहू शकते.

तुलना करणाऱ्यांसाठी जर्मनीत वापरला जाणारा एक निर्देशांक उपयोगी आहे. शहरात झालेली किरकोळ विक्री भागिले तिथल्या रहिवाशांची किरकोळ खरेदीची ताकद, गुणिले शंभर. शंभराच्या वर आकडा आला तर बाहेरचे पैसे आत येत आहेत आणि खाली आला तर घरचे बाहेर जात आहेत. दोन शेजाऱ्यांचे आकडे एकत्र ठेवले की एकाची ‘प्रगती’ बऱ्याचदा दुसऱ्याची गळती असल्याचे लख्ख दिसते. दरडोई दुकानक्षेत्राचा आकडा मात्र जपून वापरावा. कोणी भाड्याने देण्याजोगे क्षेत्र मोजतो, कोणी जिने-मार्गिकांसह सगळे बांधकाम, आणि कुलूप लागलेले गाळेही त्यात मोजलेले असतात.

ऑनलाइन खरेदीने दुकानांचे क्षेत्रफळ हे मापच ढिले केले. सिअर्ससारखी साखळी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि अनेक शहरांत दोन-तीन मजली मोठी दुकाने एकदम मोकळी झाली. शहरांमधली चढाओढ मात्र थांबलेली नाही. कॅलिफोर्नियात आता प्रश्न आहे तो घरपोच गेलेल्या मालाच्या विक्रीकराचा. हा कर माल मागवणाऱ्याच्या शहराला द्यायचा, की माल ज्या गोदामातून निघाला त्या शहराला? त्यामुळे एकेकाळी मॉलसाठी राखून ठेवलेल्या महामार्गालगतच्या जमिनीवर शेजारी शहरे आता गोदामे यावीत म्हणून झटत आहेत.