न्यायाचा दर कसा ठरत गेला

दिवाणी दावा दाखल करताना पक्षकाराचा खिसा वकिलाच्या आधी सरकारच रिकामा करतं. दाव्याचं मूल्य जितकं, त्या प्रमाणात कोर्ट फी. कोर्ट चालवायला पैसा लागतो म्हणून ही फी आली असावी, असा आपला समज असतो. मूळ हेतू वेगळा होता.

१७९३ साली गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसने बंगालमधली कोर्ट फी काढून टाकली. दोनच वर्षांत, १७९५ च्या ३८व्या रेग्युलेशनने, ती परत आली. कारण सरळ सांगितलं होतं: लोक खोटे, क्षुल्लक दावे लावतात, त्यांना आळा बसावा. पुढे कंपनी सरकारचा कायदा सदस्य मेकॉले याने या युक्तिवादाची चांगलीच खिल्ली उडवली. दावा खोटा की खरा हे तपासणं हेच कोर्टाचं काम. आणि फी लावली की खोटा श्रीमंत अडत नाही, खरा गरीब तेवढा अडतो. त्याची टीका कागदावर राहिली, फीसुद्धा राहिली.

पेशवाईत न्याय फुकट होता असं मात्र कोणी समजू नये. जिंकणाऱ्याकडून हरकी (आनंदाची भेट) आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी (दंड) सरकारात जमा होई. पण ही वसुली मुख्यतः निवाड्याशी जोडलेली होती. दाव्याच्या रकमेवर आधीच मुद्रांक लावून घ्यायचा, ही रीत कंपनी सरकारची. १८७० च्या कोर्ट फी कायद्याने ती देशभर पक्की झाली.

स्वातंत्र्यानंतर ही फी जाईल अशी आशा होती. १९५८ साली सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने, हक्क हिरावलेल्या माणसाच्या दाद मागण्यावरच आपण कर लावतो, असं स्पष्ट लिहिलं. पण कोर्ट फी हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय, आणि हातचं उत्पन्न कोण सोडतो? पुढच्याच वर्षी मुंबई राज्याने स्वतःचा कोर्ट फी कायदा केला. त्यातली कमाल मर्यादा महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये तीन लाखांवरून दहा लाखांवर नेली. एक गोष्ट मात्र या सरकारच्या बाजूने सांगायला हवी: १९९४ पासून पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि अत्याचार यासंबंधीच्या प्रकरणांत महिलांना ही फी माफ आहे.

ज्याच्याकडे फी भरायला पैसेच नाहीत, त्याच्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत निर्धन म्हणून दावा लावण्याची सोय आहे. पण त्यासाठी आधी आपलं दारिद्र्य सिद्ध करायचं, मालमत्तेची यादी द्यायची, चौकशीला तोंड द्यायचं. दावा जिंकला, तर माफ झालेल्या फीचा पहिला बोजा दाव्यातल्या मालमत्तेवर चढतो.

फुकट वकील मिळण्याची कहाणी निराळी आणि बरीचशी मुंबईची आहे. १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांची समिती नेमली. शिफारशी आल्या, पैसा आला नाही. वीसेक वर्षांनी गुजरातेत हेच काम त्यांचे चिरंजीव पी. एन. भगवती यांच्याकडे आलं. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९-क आलं: गरिबांना मोफत कायदेविषयक मदत देणं ही राज्याची जबाबदारी. आणीबाणीतल्या त्या दुरुस्तीबद्दल फारसं बरं बोलण्यासारखं नाही, पण हे कलम अपवाद.

कलमाला दात आले ते १९७८ मध्ये, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात. बनावट पदवी प्रमाणपत्रांच्या प्रकरणात सत्र न्यायालयाने होसकोट यांना कोर्ट उठेपर्यंतची नाममात्र शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने ती तीन वर्षं सक्तमजुरीची केली. सर्वोच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागेपर्यंत चार वर्षांहून अधिक काळ गेला, कारण निकालाची नक्कलच वेळेवर हाती पडली नाही, असं त्यांचं म्हणणं. अर्ज फेटाळला गेला. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहून ठेवलं की कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि तातडीने मिळाली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर वकील सरकारने दिला पाहिजे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला, म्हणजे आठ वर्षांनी. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख. महिना सव्वीस हजारांवर खासगी नोकरी करणारा पुरुष त्या रेषेबाहेर पडतो. त्याला वकीलपत्र, टायपिंग, नक्कल, बेलिफाचा भत्ता आणि दर तारखेची फी स्वतःच भागवावी लागते, शिवाय बुडालेला रोज वेगळा.

वकिलाने किती घ्यावं यावर कमाल मर्यादा नाही. दावा जिंकलात तर त्यातला हिस्सा द्या, असा करार वकिलाला करता येत नाही. फी थकली म्हणून अशिलाची कागदपत्रं अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं. आणि मुद्दाम खोटा दावा लावून त्रास देणाऱ्याकडून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खाली मिळणारी भरपाई? जास्तीत जास्त तीन हजार रुपये. सव्वादोनशे वर्षांपूर्वी फी लावताना ज्या खोट्या दाव्यांचं निमित्त पुढे केलं होतं, त्यांच्यासाठी कायद्यात हीच रक्कम आहे.