सरपंच, सदस्य की ग्रामसेवक? तक्रार कुणाविरुद्ध आहे त्यावर अर्जाचं दार ठरतं

गणपतीत चाकरमानी गावी येतात. पहिले दोन दिवस आरत्या आणि भजनांत जातात. तिसऱ्या दिवशी ओटीवर विषय निघतोच, की मंजूर झालेली पाखाडी, म्हणजे वाडीत उतरणारी पायऱ्यांची वाट, गेली कुठे? कागदावर ती पूर्ण झालेली असते, बिलही निघालेलं असतं, आणि वाडीत उतरताना म्हाताऱ्यांचा पाय अजून जांभ्याच्या सुट्या चिऱ्यांवर घसरत असतो. कुणीतरी म्हणतो, तक्रार करू. दुसरा विचारतो, कुणाकडे? तिथेच बोलणं थांबतं. विसर्जन होतं, मुंबईच्या गाड्या सुटतात आणि अर्ज राहून जातो.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या लोकांना असे अर्ज लिहायला मी बरीच वर्षं मदत करतो आहे. अर्ज फेटाळले जातात ते बहुतेकदा तक्रार खोटी असते म्हणून नव्हे. चुकीच्या दारात दिलेला अर्ज वर्षभर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो आणि शेवटी दप्तरी दाखल होतो. म्हणून आधी दार ओळखू.

माणूस कोण, कायदा कोणता

सरपंच, उपसरपंच आणि सदस्य हे लोकांनी निवडून दिलेले. त्यांना ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ लागू होतो. ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हा जिल्हा परिषदेचा नोकर. त्याने कसं वागावं हे जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ सांगतात आणि चुकला तर शिक्षा कशी व्हावी हे शिस्त व अपील नियम, १९६४ सांगतात. पंचायतीचा शिपाई किंवा पाणी सोडणारा कर्मचारी पंचायतीने स्वतः नेमलेला असतो, त्याची तक्रार आधी पंचायतीकडेच जाते. तलाठी महसूल खात्याचा, त्याच्यासाठी तहसीलदार आणि प्रांताधिकारी. सातबाऱ्याच्या फेरफारासाठी ग्रामसेवकाविरुद्ध अर्ज करणारे मी पाहिले आहेत. त्यांची तक्रार खरी होती, पण पत्ता चुकला आणि सहा महिने वाया गेले.

मालवण, वेंगुर्ला, चिपळूण, खेड यांसारख्या ठिकाणी नगरपरिषद आहे आणि कुडाळ, गुहागर, लांजा इथे नगरपंचायत. तिथल्या नगरसेवकांना १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागतो. खाली लिहिलेली कलमं तिथे चालत नाहीत, मात्र अपात्रतेचा प्रश्न तिथेही जिल्हाधिकाऱ्यांकडेच जातो.

सदस्य अपात्र ठरवण्यासाठी: कलम १४ आणि १६

गावात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं दार हेच. कलम १४ मध्ये अपात्रतेची कारणं दिली आहेत. त्यातली तीन आपल्याकडे वारंवार येतात.

पहिलं, पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध. साकवाचं (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचं) काम सदस्याच्याच नावे असलेल्या फर्मने घेतलं, किंवा विहिरीच्या बांधकामाचे चिरे त्याच्याच खाणीतून आले आणि बिल त्याच्या खात्यात जमा झालं, तर हे कलम बघायचं. ठेकेदार सदस्याचा चुलतभाऊ आहे एवढ्यावर मात्र काही होत नाही. पैसा सदस्यापर्यंत पोचतो किंवा धंद्यात त्याचा वाटा आहे, हे कागदाने दाखवावं लागतं.

दुसरं, थकबाकी. पंचायतीची किंवा जिल्हा परिषदेची घरपट्टी, पाणीपट्टी सदस्याने मागणी बिल रीतसर हातात पडल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही, तर तो अपात्र ठरू शकतो. इथे सगळं वजन 'बिल रीतसर बजावलं' या शब्दांवर आहे. नुसता थकबाकीचा उतारा जोडून भागत नाही. बिल कधी दिलं, कुणी घेतलं, सही कुठे आहे, हे हवं. बिल बजावल्याचा पुरावा नसल्यामुळे प्रकरण पडतं, आणि तेव्हा अर्जदाराला वाटतं की वशिला लागला.

तिसरं, सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण. समुद्राकाठच्या गावांत हा विषय नेहमीचाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं की अतिक्रमण मुळात घरातल्या दुसऱ्या कुणी केलेलं असलं, तरी तिथे राहून त्याचा उपभोग घेणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. मात्र २०२४ मध्ये याच न्यायालयाने जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचाची अपात्रता रद्द केली आणि अधिकाऱ्यांना बजावलं की निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण भागातल्या महिलेला, पदावरून काढणं ही हलक्या हाताने करण्याची गोष्ट नाही. हे दोन्ही निकाल लक्षात ठेवूनच अर्जाला हात घाला. बाई सरपंच झाली हे सहन न होऊन तिच्या सासरच्या पडवीची मोजणी मागणारे अर्ज येतात, ते मी लिहून देत नाही.

अर्ज कोण करू शकतो? कोणीही. कलम १६ मध्ये 'कोणत्याही व्यक्तीने केलेला अर्ज' असे शब्द आहेत. त्यामुळे विरारला राहणारा चाकरमानीही अर्ज करू शकतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गनगरीला. अर्ज मिळाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. समोरच्याला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, म्हणून तारखा पडतात. निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत अपील. कोकणातली ही अपिलं विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात, सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात चालतात. पंधरा दिवस भुर्रकन जातात. निकालाची नक्कल त्याच दिवशी मागा.

गैरवर्तन आणि कामात कसूर: कलम ३९

अपात्रता वेगळी आणि गैरवर्तन वेगळं. सरपंच मासिक सभा न घेताच इतिवृत्त लिहून घेतो, काम न होताच पैसे काढायला मंजुरी देतो, किंवा कर्तव्यात सतत हयगय करतो, तेव्हा कलम ३९ लागतं. यात पदावरून काढण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांचा. त्यांच्या आदेशाने जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी नोटीस देऊन चौकशी करतो, अहवाल वर जातो आणि सुनावणी होऊन आदेश निघतो. त्यावर शासनाकडे अपील करता येतं. म्हणून अर्ज आयुक्तांच्या नावे करायचा आणि प्रत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्यायची.

ग्रामसेवकाबद्दल असेल तर अर्ज गटविकास अधिकाऱ्यांकडे, प्रत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. वर्तणूक नियमांत भेटवस्तू घेणं, परवानगीशिवाय खासगी धंदा करणं, राजकारणात भाग घेणं, पदाचा वापर नातेवाइकांच्या फायद्यासाठी करणं यांवर बंधनं आहेत. 'ग्रामसेवक उद्धट बोलतो' एवढं लिहून उपयोग नाही. कोणत्या तारखेला, कुणासमोर, कोणत्या कामासाठी गेलो असताना काय झालं, ते लिहा.

कागद आधी, अर्ज नंतर

माझा स्वतःचा पहिला अर्ज हरवला होता. एका कार्यालयात गेलो, टेबलावरच्या माणसाने म्हटलं, "साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा." मी ठेवून आलो. दोन महिन्यांनी विचारलं तर आवक नोंदवहीत नोंदच नव्हती, कारण मी पोच घेतलीच नव्हती. तेव्हापासून दोन प्रती नेतो, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय पायरी उतरत नाही. कोणी नाही म्हणालं तर पोस्टात जाऊन पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवतो.

आता पुरावा. पाखाडीचंच उदाहरण घेऊ. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपली ग्रामपंचायत निवडली की वित्त आयोगाच्या निधीतून कोणत्या कामावर किती खर्च दाखवला ते घरबसल्या दिसतं. तिथून कामाचं नाव आणि वर्ष उतरवून घ्या. मग माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गोष्ट सांगत बसू नका, कागदांची नावं लिहा: अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अदा केलेल्या बिलाचं प्रमाणक (व्हाउचर), काम मंजूर करणाऱ्या मासिक सभेचं इतिवृत्त. नकलेचे पानामागे दोन रुपये. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पंचायत समितीतल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, वीस रुपयांच्या स्टँपसह. तिथेही दाद लागली नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे.

मोजमाप पुस्तिका हातात आली की ती घेऊन पाखाडीवर चला. पुस्तिकेत पायऱ्यांची लांबी, रुंदी, उंची लिहिलेली असते. टेप लावा, प्रत्येक मापाचा फोटो काढा, फोटोत टेपचे आकडे दिसू द्या आणि मागे ओळखू येणारं काहीतरी, देवळाचा कळस म्हणा किंवा वाडीची विहीर, येऊ द्या. पुस्तिकेत चाळीस मीटर आणि जागेवर पंचवीस, असं निघालं तर चौकशी अधिकाऱ्याला ते बाजूला सारता येत नाही. एका वाडीतल्या बायकांनी अशी मोजणी करून त्यावर बारा जणींच्या सह्या घेतल्या होत्या. इतका नेटका पंचनामा मी कार्यालयातसुद्धा पाहिलेला नाही.

घरपट्टीच्या प्रकरणात नमुना ९ म्हणजे मागणी नोंदवही, बिल बजावल्याची पोच आणि नमुना १० ची पावती मागा. अतिक्रमणाच्या प्रकरणात नमुना ८ चा (कर आकारणी नोंदवहीचा) उतारा, त्या जागेचा सातबारा आणि शक्य असेल तर भूमी अभिलेखची मोजणी.

अर्ज असा लिहा:

"विषय: मौजे ... येथील ग्रामपंचायत सदस्य श्री./श्रीमती ... यांच्या अपात्रतेबाबत, ग्रामपंचायत अधिनियम कलम १४ व १६ अन्वये अर्ज. महोदय, सदर सदस्य दिनांक ... रोजी निवडून आले. दिनांक ... रोजी त्यांना कराचे मागणी बिल बजावण्यात आले (जोडपत्र १). तीन महिन्यांच्या मुदतीत त्यांनी रक्कम भरली नाही (जोडपत्र २). तरी कलम १६ अन्वये निर्णय व्हावा ही विनंती."

बस्स, एवढंच. 'भ्रष्ट', 'लुटारू', 'माजलेला' हे शब्द काढा. ते वाचून अधिकाऱ्याचं मत तुमच्या बाजूने होत नाही आणि उलट बदनामीची नोटीस येऊ शकते. सोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, जोडपत्रांची यादी आणि मजकूर खरा असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप पेपर लागत नाही. निनावी अर्ज पाठवू नका, त्यावर सहसा काही होत नाही आणि संशय मात्र गावभर फिरतो.

ग्रामसभाही विसरू नका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला सभा होते. तिथे लेखी प्रश्न द्या आणि तो इतिवृत्तात आला का ते बघा. इतिवृत्तात आलेला प्रश्न पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडपत्र म्हणून चालतो.

पैसे मागितले तर

इथे वरचं काहीच करत बसू नका. घराच्या नोंदीसाठी, बिल काढण्यासाठी, दाखल्यासाठी कुणी पैसे मागितले, मग तो सरपंच असो, सदस्य असो की कर्मचारी, सरळ १०६४ ला फोन करा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा हा टोल फ्री क्रमांक आहे. कोकणातले जिल्हे ठाणे परिक्षेत्रात येतात आणि अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्गात त्यांची कार्यालयं आहेत. सरपंच आणि सदस्यही कायद्याने लोकसेवकच.

ते आधी मागणीची पडताळणी करतात. तुम्हाला पंचासोबत, म्हणजे साक्षीदारासोबत, पाठवतात, बोलणं रेकॉर्ड होतं. मागणी खरी निघाली की सापळा. नोटांना पावडर लावलेली असते, ती घेणाऱ्याच्या हाताला लागते. म्हणून त्याआधी गावात कुणाजवळही, अगदी सख्ख्या भावाजवळही, बोलायचं नाही.

२०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केल्यास देणाऱ्याला संरक्षण मिळतं. आठव्या दिवशी ते मिळेल याची खात्री नाही. विभागाला आधी कळवून सापळ्यात पैसे दिले तर तो गुन्हा धरत नाहीत. घेणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते.

सुनावणीची तारीख

नोटीस अर्जात दिलेल्या पत्त्यावरच जाते. गावचा पत्ता दिला आणि घराला कुलूप असेल तर ती परत जाते आणि अर्जदार गैरहजर म्हणून प्रकरण निकाली निघू शकतं. मुंबईत राहणाऱ्याने मुंबईचा पत्ता, मोबाइल क्रमांक आणि ईमेल तिन्ही लिहावेत. येणं जमणार नसेल तर तारखेआधी लेखी मुदत मागा किंवा वकील द्या. आलात तर मूळ कागद वेगळ्या पिशवीत ठेवा आणि विचारल्याशिवाय हातातून सोडू नका. दिलेच तर त्याचीही पोच घ्या.