एनर्जी मॅनेजरची सही कुठून आली

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या, म्हणजे बीईईच्या, एनर्जी मॅनेजर आणि एनर्जी ऑडिटर या परीक्षेची तयारी करणारे तरुण इंजिनीअर भेटले, की पहिला प्रश्न बहुधा पासिंगचाच असतो. पेपर किती, चौथ्याला पुस्तक नेता येतं का, आकडेमोड किती येते. प्रश्न रास्तच आहेत. पण हे प्रमाणपत्र मुळात कशासाठी काढावं लागलं, हे ठाऊक असलेला माणूस तीच पुस्तकं वेगळ्या नजरेनं वाचतो, असं मला मनापासून वाटतं.

गोष्ट १९७३ च्या तेलसंकटापासून धरावी लागते. ऑक्टोबरातल्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत कच्चं तेल पिंपाला साधारण ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेलं. आयातीवर जगणाऱ्या आपल्या देशाला त्याची झळ बसली आणि फर्नेस ऑइल, म्हणजे बॉयलर-भट्ट्यांत जळणारं जाड तेल, जपून जाळायला हवं, याची जाणीव सरकारदरबारी झाली. १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, म्हणजे पीसीआरए, उभी राहिली. १९५८ पासून उत्पादकतेचं काम करणारी राष्ट्रीय उत्पादकता परिषदही या कामात होती. या संस्थांचे अभियंते कारखान्यात येत, बॉयलरच्या धुराचं तापमान मोजत, भट्टीचं इन्सुलेशन पाहत आणि अहवाल देऊन जात. १९८१ मध्ये केंद्रानं आंतरमंत्रालयीन कार्यगट नेमला, १९८९ मध्ये ऊर्जा व्यवस्थापन केंद्र काढलं.

अहवाल चांगले असत. पुढे ते कपाटात जात, आणि त्याला कारण होतं. विजेचं बिल अकाउंट्स भरायचं, कोळसा आणि तेल स्टोअर मागवायचं, वाफेची लाइन मेंटेनन्सकडे, मशीन प्रॉडक्शनकडे. एक टन माल काढायला किती युनिट आणि किती वाफ लागली, याचं उत्तर द्यायला बांधील असा माणूस बहुतेक ठिकाणी नव्हताच. गळका स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफेच्या लाइनमधलं पाणी काढून वाफ अडवणारा व्हॉल्व्ह, सगळ्यांना दिसायचा, पण तो कुणाच्याच खात्यात नसायचा.

जपाननं हा प्रश्न फार आधी ओळखला. तिथे १९५१ च्या उष्णता व्यवस्थापन कायद्यानंच कारखान्यात पात्र माणूस नेमण्याची पद्धत आणली आणि १९७९ च्या ऊर्जाबचत कायद्यानं ती पुढे नेली. अमेरिकेत वाट वेगळी पडली. १९७७ मध्ये ऊर्जा अभियंत्यांची संघटना झाली आणि १९८१ पासून ती स्वतःच ‘सर्टिफाइड एनर्जी मॅनेजर’ हा दर्जा देऊ लागली. तिथे ते व्यावसायिकाचं स्वतःचं भूषण होतं, सक्ती नव्हे. आपण कायद्याची वाट धरली, आणि आपल्याकडच्या कारखान्यांचा स्वभाव पाहता ते बरं झालं.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. १ मार्च २००२ ला बीईई हा ब्यूरो सुरू झाला आणि ऊर्जा व्यवस्थापन केंद्र त्यात विलीन झालं. मोठ्या वापरकर्त्याला, ज्याला कायद्याच्या भाषेत ‘डेझिग्नेटेड कन्झ्युमर’ म्हणतात, त्याला पात्र एनर्जी मॅनेजर नेमणं बंधनकारक झालं. एनर्जी ऑडिटची, म्हणजे ऊर्जेच्या वापराच्या तपासणीची, व्याख्याही विचारपूर्वक केली गेली. नुसती मोजमापं पुरेशी नाहीत. शिफारशीसोबत खर्च-फायद्याचा हिशेब आणि वापर कमी करण्याचा कृती आराखडा हवा. कपाटातल्या अहवालांचा अनुभव या व्याख्येमागे आहे, असं मी मानतो.

बंधन घातलं, तर माणसं पारखायला हवीत. पहिली राष्ट्रीय परीक्षा २००४ मध्ये झाली, आणि ती घेण्याचं काम राष्ट्रीय उत्पादकता परिषदेकडे आलं. मॅनेजरला तीन पेपर: सर्वसाधारण, औष्णिक, विद्युत. ऑडिटरला चौथा, यंत्रणांची कामगिरी प्रत्यक्ष जोखण्याचा. अधिकृत, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेड, ऑडिटर व्हायचं तर त्यानंतरही ऑडिटचा अनुभव दाखवावा लागतो आणि ब्यूरोची पारख पार करावी लागते. अभ्यासक्रमातलं प्रत्येक सूत्र शॉप फ्लोअरवरून आलेलं आहे. बॉयलरच्या धुराचं तापमान २२ अंशांनी उतरवलं, तर इंधन साधारण १ टक्का वाचतं. पंख्याचा वेग २० टक्के कमी केला, तर लागणारी शक्ती जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पंखा पूर्ण वेगानं चालवून डँपरनं, म्हणजे वाटेतल्या झडपेनं, हवा कमी करणाऱ्या कारखान्यात हा एक हिशेब मांडला, तर व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाचा, खर्च किती महिन्यांत फिटेल, हे तिथल्या तिथे दिसतं.

तरीही प्रमाणपत्राला खरं वजन आलं ते २०१२ मध्ये, ‘पॅट’, म्हणजे ‘परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड’, योजनेनं. सिमेंट, खत, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, कागद, कापड, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा, क्लोरीन) आणि औष्णिक वीज या आठ क्षेत्रांतल्या ४७८ कारखान्यांना तीन वर्षांत ६६.८६ लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचवायचं लक्ष्य मिळालं. बचत झाली सुमारे ८६.७ लाख टनांची. जास्तीच्या बचतीचे बाजारात विकता येणारे दाखले मिळाले. आकड्याला किंमत आली, की तो कुणी मोजला आणि खाली सही कुणाची, हे विचारलं जातंच.

इमारतींची गोष्ट मागून आली. २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आली. वातानुकूलनासाठी पाणी गार करणारे चिलर, काचेच्या भिंती, दिवे या सगळ्यांना निकष मिळाले, पण अंमल राज्यांवर राहिला आणि गती मंद. शिवाय इमारत बांधतो एक, विजेचं बिल भरतो दुसरा. ही गाठ अजून सुटलेली नाही. महाराष्ट्रात ऊर्जा संवर्धन कायद्याची जबाबदारी महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाकडे, आपल्या मेडाकडे, आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये संसदेनं कायद्यात दुरुस्ती केली आणि कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे कमी केलेल्या उत्सर्जनाच्या दाखल्यांच्या, व्यापाराला जागा झाली. त्याची योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली. लक्ष्य आता उत्पादनाच्या दर टनामागे किती हरितगृह वायू बाहेर पडतात, या हिशेबात येतं. एनर्जी मॅनेजरच्या रोजच्या तक्त्यात युनिट, वाफ आणि कोळशाच्या रकान्यांशेजारी आता आणखी एक रकाना आला आहे.