वेस्ट पॉइंटचा फुटबॉल आणि नव्या प्रशिक्षकाचं पहिलं वर्ष

२०१४ च्या मोसमात अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचा संघ बारापैकी चारच सामने जिंकला. प्रशिक्षक जेफ मंकन नवे होते. स्टॅनफर्डने ३५-० असा धुव्वा उडवला, येलने जादा वेळेत ४९-४३ असं हरवलं आणि मोसमाच्या शेवटी नौदल अकादमीने १७-१०. पुढच्या वर्षी तर जेमतेम दोन विजय. एरवी अशा प्रशिक्षकाच्या खुर्चीला दुसऱ्या वर्षीच हादरे बसतात. मंकन मात्र टिकले.

हा फुटबॉल कोल्हापूरच्या तालमींचा नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड कापायचे. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. मोठ्या विद्यापीठांच्या आघाडीच्या फळीत ३०० पौंडांचे, म्हणजे १३६ किलोंचे गडी सर्रास असतात. वेस्ट पॉइंटच्या कॅडेटला पदवीनंतर किमान पाच वर्षं सैन्यात काढायची असतात आणि शरीराचे लष्करी निकष पाळावे लागतात. त्यामुळे संघ वजनाने मार खातो. त्यात दुसऱ्या विद्यापीठातून तयार खेळाडू उचलून आणण्याची सोयही नाही, कारण इथे येणाऱ्याला पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. बरीच मुलं आधी वर्षभर पूर्वतयारी शाळेत जातात. नव्या प्रशिक्षकाने पहिल्या वर्षी हेरलेला मुलगा मैदानावर दिसेपर्यंत तिसरं वर्ष उजाडतं.

या अडचणीवरचा तोडगा १९८४ साली सापडला. अर्ल ब्लेक यांच्या संघाने १९४४ ते ४६ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती. पण नंतर उतरण लागली. जिम यंग १९८३ मध्ये आले आणि पहिल्याच वर्षी २-९ (दोन विजय, नऊ पराभव) वर आपटले. पुढच्या मोसमात त्यांनी धावण्यावर आधारलेली ‘ऑप्शन’ पद्धत आणली आणि निकाल लागला ८ विजय, ३ पराभव, १ बरोबरी. संघ पहिल्यांदाच ‘बोल’, म्हणजे मोसमानंतरचा निमंत्रितांचा सामना, खेळला आणि मिशिगन स्टेटला १०-६ हरवलं.

‘ट्रिपल ऑप्शन’ची गंमत अशी, की बचावातल्या दोघांना मुद्दाम मोकळं सोडलं जातं. क्वार्टरबॅक, म्हणजे खेळी चालवणारा गडी, चेंडू फुलबॅकच्या, म्हणजे मधून धावणाऱ्या गड्याच्या, पोटाशी धरतो आणि पहिल्या मोकळ्या गड्याकडे बघतो. तो फुलबॅककडे आत वळला, तर चेंडू ओढून घ्यायचा. बाहेर थांबला, तर फुलबॅकलाच द्यायचा. चेंडू स्वतःकडे राहिला तर बाहेरच्या बाजूला दुसऱ्या मोकळ्या गड्याकडे धाव. तो अंगावर आला तर शेजारून पळणाऱ्या साथीदाराकडे चेंडू भिरकवायचा, नाही तर स्वतःच घुसायचं. दोघांना अडवावंच लागत नाही, म्हणून आघाडीचे दोन गडी इतरत्र कामाला येतात. वजनात कमी पडणाऱ्याला हा हिशेब परवडतो.

फसतं ते बहुधा पोटाशी. क्वार्टरबॅकने निर्णयाला क्षणभर उशीर केला की दोघांचे हात चेंडूवर राहतात आणि चेंडू जमिनीवर. ही जोडी हजारो वेळा घोटवून घ्यावी लागते. पहिल्या मोसमात तेवढी आवर्तनं झालेली नसतात. दुसरं दुखणं दंडाचं. दर धावेला तीन-चार यार्ड मिळवणाऱ्या संघाला पाच यार्डांचा दंड म्हणजे अख्खा प्रयत्न पाण्यात. आणि गुणांत बरंच मागे पडलं की पास फेकावे लागतात, ज्याचा सराव कमी.

वेस्ट पॉइंटने २००० साली ही पद्धत सोडली आणि २००३ मध्ये तेराच्या तेरा सामने गमावले. तिकडे नौदल अकादमीत पॉल जॉन्सन यांनी २००२ मध्ये २-१० अशी सुरुवात करून पुढच्याच वर्षी आठ विजय नेले. मंकन त्यांचेच सहायक; २००२ पासून लष्कराला सलग चौदा वर्षं हरवणाऱ्या नौदलाच्या पहिल्या सहा वर्षांत ते त्याच बाजूला होते. पुढे जॉर्जिया सदर्नचे प्रशिक्षक असताना २०१३ मध्ये त्यांच्या संघाने एकही पास पूर्ण न करता बलाढ्य फ्लोरिडा विद्यापीठाला २६-२० हरवलं. वेस्ट पॉइंटने बोलावलं ते याच जोरावर. वेस्ट पॉइंटने ऑप्शन २००८ मध्ये परत आणला होताच. हवा होता तो शिस्तीने चालवणारा माणूस.

२०१६ मध्ये, म्हणजे तिसऱ्या वर्षी, ८-५. नौदलाविरुद्ध २१-१७ आणि चौदा वर्षांची साखळी तुटली. २०१८ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या मैदानावर साठपैकी जवळजवळ पंचेचाळीस मिनिटं चेंडू लष्कराकडे होता. सामना जादा वेळेत २८-२१ असा निसटला. समोरचा क्वार्टरबॅक बाकावर बसून राहिला, तर तो कितीही चांगला असो, काय करणार?

पहिल्या वर्षी मार खाण्याला अपवाद आहेत. वायुदल अकादमीत ट्रॉय कॅलहून २००७ मध्ये आले आणि पहिल्याच मोसमात ९-४. पण ते त्याच अकादमीचे माजी क्वार्टरबॅक, आणि तिथे ऑप्शन आधीपासून मुरलेला होता.

२०२२ मध्ये कमरेखाली अडवण्यावर निर्बंध आले आणि टोकाकडच्या धावा अडचणीत आल्या. मंकन यांनी २०२३ मध्ये क्वार्टरबॅकला मागे उभं करून पाहिलं. पहिल्या आठपैकी सहा सामने गेले, शेवट ६-६ असा झाला. २०२४ मध्ये मुख्यतः जुन्या मांडणीकडे परतून बारा विजय आणि पहिलंवहिलं कॉन्फरन्स (विद्यापीठांच्या गटाचं) विजेतेपद. त्या मोसमातल्या दोन पराभवांपैकी एक नौदलाकडून, ३१-१३. नौदलाचे प्रशिक्षक ब्रायन न्यूबेरी यांचं ते दुसरं वर्ष होतं. पहिल्या वर्षी त्यांचा निकाल ५-७ होता.