इव्हँजेलिकल आणि फंडामेंटलिस्ट: श्रद्धा जवळपास एकच, मग बिनसलं कुठे?

इव्हँजेलिकल ख्रिस्ती म्हणजे फंडामेंटलिस्ट, अर्थात कट्टर मूलतत्त्ववादी, असं सर्रास बोललं जातं. मला हे खटकतं. दोघे एकाच घरातले असले, तरी त्यांची चूल केव्हाच वेगळी झाली आहे.

'इव्हँजेलिकल' आलं ग्रीक 'युआंगेलियन'वरून, म्हणजे सुवार्ता. सोळाव्या शतकात रोमन कॅथलिक चर्चपासून वेगळी वाट धरणाऱ्या मार्टिन लूथरच्या अनुयायांनी हे नाव घेतलं, म्हणून जर्मनीत 'एव्हांगेलिश' म्हणजे आजही नुसता प्रोटेस्टंट. तिथल्या चर्चची पाटी वाचून फसू नये. आजचा अर्थ रुजला अठराव्या शतकात. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर एका छोट्या सभेत बायबलमधल्या 'रोमकरांस पत्रा'वरची लूथरची प्रस्तावना वाचली जात होती. ऐकता ऐकता जॉन वेस्लीला, पुढे मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या इंग्रज धर्मोपदेशकाला, अंतःकरणात ऊब जाणवली. ख्रिस्ताने माझीही पापं दूर केली, अशी खात्री पटली. वेस्ली तेव्हा दीक्षित पाळक होता, तरीही! इव्हँजेलिकल श्रद्धेचा गाभा हाच: नवा जन्म ज्याचा त्याने अनुभवायचा. इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये चार खुणा सांगितल्या: मनपरिवर्तन, बायबलचा अधिकार, वधस्तंभावरचं बलिदान आणि कृतिशीलता.

फंडामेंटलिस्ट या चारही गोष्टी मानतात. गोंधळ होतो तो इथेच.

ते नाव मात्र बरंच अलीकडचं आणि अमेरिकेतलं. बायबलचा आधुनिक विचारांशी मेळ घालून नवा अर्थ लावणाऱ्या उदारमतवादी धर्मशास्त्राला उत्तर म्हणून १९१० ते १९१५ दरम्यान 'द फंडामेंटल्स' ही लेखमाला निघाली. १९२० मध्ये बॅप्टिस्ट संपादक कर्टिस ली लॉज यांनी 'फंडामेंटलिस्ट' शब्द घडवला, तोही अभिमानाने. पुढे तिथे अलिप्ततेला महत्त्व आलं: चुकीची शिकवण देणाऱ्यांशी सहकार्य नाही, आणि तसं सहकार्य करणाऱ्यांशीही नाही.

ही भिंत कुठे उभी राहिली ते १९५७ मध्ये न्यूयॉर्कला स्पष्ट दिसलं. अमेरिकेतले प्रसिद्ध इव्हँजेलिकल प्रचारक बिली ग्रॅहम यांच्या सभांचं यजमानपद शहरातल्या प्रोटेस्टंट कौन्सिलकडे होतं, आणि त्यात उदारमतवादी चर्चही होती. सभेत पुढे येऊन ख्रिस्ताला स्वीकारणाऱ्यांची नावं कार्डांवर लिहून घेत आणि स्थानिक चर्चांकडे पाठवत. त्यांतली काही कार्डं त्या उदारमतवादी चर्चांकडेही जात. बॉब जोन्स यांच्यासारख्या फंडामेंटलिस्ट पुढाऱ्यांना हे सहन होईना, आणि त्यांनी ग्रॅहम यांच्याशी संबंध तोडले. ग्रॅहम यांचा उपदेश तोच होता, वधस्तंभही तोच. वाद होता तो कार्ड कोणाच्या दारात जाणार याचा.