एका पॅकेटात बंद पडणारे बाइंड: टीकी दोषाची पार्श्वभूमी

२८ जुलै २०१५ रोजी इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्टियम या बाइंड बनवणाऱ्या संस्थेने बाइंड ९ या डीएनएस सर्व्हरसाठी (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) तातडीची दुरुस्ती जाहीर केली. दोष शोधला होता जोनाथन फुट यांनी, सुरक्षा दोषांच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक सीव्हीई-२०१५-५४७७. ९.१.० पासून ९.९.७-पी१ आणि ९.१०.२-पी२ पर्यंतचे बाइंड एका यूडीपी पॅकेटने (आधी जोडणी न करता पाठवलेल्या संदेशाने) बंद पाडता येत होते. पॅकेटांचा पूर सोडायची गरजच नव्हती.

याची मुळे बाइंड ९ च्या जन्मातच आहेत. आधीच्या बाइंड ८ मध्ये टीसिग (गुप्त की वापरून डीएनएस संदेशावर केलेली सही) हाताळताना होणारा बफर ओव्हरफ्लो, म्हणजे राखून ठेवलेल्या जागेबाहेर मेमरीत लिहिले जाणे, जानेवारी २००१ मध्ये उघड झाला आणि दोनच महिन्यांत ‘लायन’ वर्म (स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम) त्याच वाटेने लिनक्स सर्व्हरांत शिरला. २००० साली आलेले बाइंड ९ मुळापासून नव्याने लिहिलेले होते. त्यात फंक्शनच्या सुरुवातीलाच ‘रिक्वायर’ची अट तपासली जाते. अट मोडली की नेमडी, म्हणजे बाइंडची मुख्य प्रोसेस, स्वतःहून बंद होते. बिघडलेल्या स्थितीत चालत राहून मशीनचा ताबा घालवण्यापेक्षा सेवा थांबलेली बरी, हा त्यामागचा हिशेब. हिशेब बरोबरच होता, पण त्यामुळे साधी चूकही सेवा बंद पाडणारी ठरू लागली.

टीकी म्हणजे टीसिगसाठी लागणारी गुप्त की दोन मशीनांनी डीएनएसमधूनच ठरवण्याची पद्धत (आरएफसी २९३० हा इंटरनेट मानकाचा दस्तऐवज, सप्टेंबर २०००). की मागणाऱ्याने टीकी रेकॉर्ड डीएनएस संदेशाच्या ॲडिशनल सेक्शनमध्ये (जोडमाहितीच्या भागात) ठेवायचे असते. विंडोज २००० मात्र ते आन्सर सेक्शनमध्ये (उत्तराच्या भागात) ठेवत असे. म्हणून बाइंड आधी ॲडिशनलमध्ये शोधत असे, तिथे नसेल तर आन्सरमध्ये. गोची इथेच. शोधणाऱ्या फंक्शनला ‘नेम’ हा पॉइंटर (मेमरीतली जागा दाखवणारे चल) रिकामा हवा असतो. ॲडिशनलमध्ये त्याच नावाचे, पण वेगळ्या प्रकारचे, उदाहरणार्थ टेक्स्ट रेकॉर्ड असेल, तर फंक्शन ‘प्रकार सापडला नाही’ असे सांगते आणि नाव मात्र पॉइंटरमध्ये भरून ठेवते. दुसऱ्या वेळी तोच भरलेला पॉइंटर आत गेला की अट मोडते आणि नेमडी कोसळते. दुरुस्ती काय, तर दोन शोधांच्या मध्ये पॉइंटर पुन्हा रिकामा करणारी एक ओळ. ती १४ वर्षे राहून गेली होती.

कॉन्फिगरेशनमध्ये यावर उपाय नव्हता. ‘अलाउ-क्वेरी’सारखी, कोणाला प्रश्न विचारता येईल हे ठरवणारी बंधने तपासण्याआधीच टीकीचा कोड चालतो, त्यामुळे रिकर्सिव्ह (इतरांकडून उत्तर शोधून आणणारे) आणि ऑथॉरिटेटिव्ह (स्वतःच्या नावांची अधिकृत उत्तरे देणारे) दोन्ही सर्व्हर तावडीत सापडतात. यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा देता येतो, म्हणून आयपी रोखूनही भागत नाही. प्रोसेस आपोआप पुन्हा सुरू करण्याची सोय तात्पुरती; प्रत्येक वेळी कॅश (साठवलेली उत्तरे) रिकामी होते आणि पुढचे पॅकेट तयारच असते. ९.९.७-पी२ किंवा ९.१०.२-पी३ वर जाणे हाच मार्ग होता. लिनक्स वितरणे अनेकदा दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत घालतात, म्हणून नुसत्या आवृत्ती क्रमांकावर न जाता पॅकेजचा चेंजलॉग पाहावा. आणि अपडेटनंतर नेमडी रीस्टार्ट झाली ना, हे तपासावे. नाहीतर मेमरीत जुनाच कोड चालू राहतो.

असे आधीही झाले होते आणि नंतरही झाले. २००९ मध्ये डायनॅमिक अपडेटचे (नोंदी दुरून बदलण्याच्या विनंतीचे) एक पॅकेट मास्टर झोन, म्हणजे नोंदींची मूळ प्रत, असलेला सर्व्हर पाडत होते, अपडेटची परवानगी नसली तरी. सप्टेंबर २०१६ मध्ये उत्तर तयार करण्याच्या कोडमध्ये तसाच दोष निघाला.

मे २०२० च्या सीव्हीई-२०२०-८६१७ मध्ये पुन्हा टीसिगच होते. हल्लेखोराला की चे नाव माहीत असावे लागे, पण बाइंड एक स्थानिक की स्वतःहून तयार करत असल्याने बहुतेक सर्व्हर उघडे होते. हल्ल्याच्या संदेशाने सर्व्हरची अवस्था विसंगत होई; मार्च २०१८ पासूनच्या आवृत्त्या ती विसंगती ओळखून मुद्दाम बंद पडत. त्याआधीच्या मात्र तशाच बिघडलेल्या अवस्थेत चालत राहत.