घरगुती संगणकावरील सॉफ्टवेअर रेड

दोन किंवा अधिक डिस्क ऑपरेटिंग सिस्टिमच्या मदतीने एकत्र बांधून एकाच डिस्कसारख्या वापरण्याच्या पद्धतीला सॉफ्टवेअर रेड म्हणतात. तिला डिस्क सांभाळणारे वेगळे कंट्रोलर कार्ड लागत नाही. मूळ कल्पना डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेतून मांडली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा संच वापरावा, असा तिचा रोख होता. सोलापुरात घरबसल्या चादर-टॉवेलची जकार्ड डिझाइन करणारे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे किंवा दुकानदारांचे हिशेब ठेवणारे लोक या पद्धतीकडे वळतात, कारण त्यांचे काम एका डिस्कच्या बिघाडाने अडून चालत नाही.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी जाते; व्हायरस, चोरी आणि खराब एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) यांचेही तसेच. दोन डिस्क घेण्याचेच पैसे असतील तर एक संगणकात आणि एक कपाटात ठेवणे शहाणपणाचे. रेडचा विचार तिसऱ्या डिस्कपासून सुरू करावा.

प्रकार

रेड-० मध्ये डेटा डिस्कवर वाटून लिहिला जातो. वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सगळेच जाते. रेड-१ म्हणजे मिरर: दोन्हींवर तेच. ४ टीबीच्या चार डिस्कची रेड-५ केल्यास १२ टीबी मिळतात व एका डिस्कचा बिघाड सोसतो. रेड-६ मध्ये ८ टीबी मिळतात आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालते. रेड-१० मध्ये मिररच्या जोड्यांवर डेटा वाटून लिहितात; तिथेही ८ टीबीच, मात्र एकाच जोडीतल्या दोन्ही डिस्क गेल्या तर संच संपतो.

घरासाठी रेड-१ पुरे. रेड-५ मध्ये लिहिण्याच्या मधोमध वीज गेली की डेटा आणि पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढण्यासाठी ठेवलेली हिशेबी नोंद) यांचा मेळ तुटू शकतो, आणि हा दोष पुढे एखादी डिस्क बिघडेपर्यंत दिसत नाही. शिवाय मिररमधली एक डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स संगणकाला लावली की डेटा वाचता येतो, ही सोय पॅरिटीच्या संचात नाही.

खरेदी

दोन्ही डिस्क एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घेऊ नयेत. एका बॅचच्या डिस्क मागेपुढे एकत्र बिघडण्याचा संभव असतो. एसएमआर तंत्राच्या (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्क टाळाव्यात, कारण संच पुन्हा भरताना त्यांचा लिहिण्याचा वेग फार कोसळतो. डिस्क सीएमआर (पट्ट्या सुट्या ठेवणारी) आहे का, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे. यूएसबी खोक्यातल्या डिस्क मधूनच तुटतात आणि संच विनाकारण अपुरा होतो, म्हणून डिस्क थेट मदरबोर्डला जोडणारी साटा केबलच बरी. बसवण्यापूर्वी प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर मोठ्या अक्षरात लिहून तिच्या दिसणाऱ्या कडेला चिकटवावा. बिघाडाच्या दिवशी चांगली डिस्क उपटली जाते ती या चिठ्ठीअभावी.

बांधणी

लिनक्सवर हे काम एमडीएडीएम या साधनाने होते. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला जीपीटी प्रकारचे पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी) लागते. पार्टिशन करताना शेवटी १०० एमबी जागा मोकळी सोडावी, कारण उद्या आणलेली दुसऱ्या कंपनीची ४ टीबीची डिस्क किंचित लहान निघू शकते. मग क्रिएट आज्ञेला पातळी १, डिस्कची संख्या २ आणि दोन्ही पार्टिशनची नावे दिली की संच तयार होतो. पहिले समक्रमण, म्हणजे दोन्ही डिस्क सारख्या करणे, ताशी अर्धा टीबीच्या आसपास चालते, म्हणजे ४ टीबीला सात-आठ तास. तोवर संच वापरता येतो.

एका डिस्कवर आधीच डेटा असेल तर दुसऱ्या नावाच्या जागी 'मिसिंग' लिहून नव्या डिस्कवर अर्धा संच उभा करतात, डेटा त्यात उतरवून तपासतात आणि मगच जुनी डिस्क संचात घालतात. तिच्यावरचे सगळे त्या क्षणी जाते, म्हणून तपासणीत घाई नको.

संचावर एक्स्ट-४ फाइल सिस्टिम करून तिचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नये) पर्यायासह नोंदवावा. संचाची ओळख एमडीएडीएमच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहून इनिट्रॅमएफएस (लिनक्स सुरू होताना आधी वाचली जाणारी फाइल) नव्याने तयार करावी. उबुंटू-डेबियनवर ही पायरी सुटली की रीस्टार्टनंतर संचाचे नाव एमडी-० चे एमडी-१२७ होते आणि नवखा माणूस संच हरवला असे समजतो. विंडोजवर स्टोरेज स्पेसेसमधला दुहेरी मिरर हेच काम करतो. मदरबोर्डच्या बायोसमधली रेड मात्र टाळावी, कारण बोर्ड बदलला की संच उघडण्याची खात्री राहत नाही.

वीज, उन्हाळा, धूळ

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत बंद कॅबिनेटमधली डिस्क पन्नाशीला पोहोचायला वेळ लागत नाही. ती ४५ अंशांखाली ठेवावी: दोन डिस्कच्या मध्ये एक कप्पा रिकामा आणि समोर १२० मिमीचा पंखा. पूर्व भागात, जिथे घराला लागूनच यंत्रमाग चालतात, सुताचे बारीक तंतू पंख्याच्या जाळीवर फेल्टसारखा थर धरतात. तिथे जाळी पंधरवड्याला ब्रशने साफ करावी लागते.

घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असेल तर त्याचे बटण यूपीएस मोडवर हवे. साध्या मोडमध्ये वीज बदलताना जाणारा क्षण संगणकाला सोसत नाही आणि तो रीस्टार्ट होतो. त्यापेक्षा ६०० व्हीएचा वेगळा यूपीएस बरा. अचानक बंद पडलेला संच पुढच्या वेळी पूर्ण समक्रमण करू लागतो. संचावर बिटमॅप (कोणत्या भागात लिहिणे चालू होते याची नोंद) ठेवला असेल तर तेच काम सहसा काही मिनिटांत आटोपते.

बिघाड आणि दुरुस्ती

लिनक्स संचाची स्थिती दाखवते त्या एमडीस्टॅट फाइलमध्ये कंसात दोन 'यू' दिसले की संच धडधाकट. 'यू' आणि रेघ दिसली की एक डिस्क बाहेर. संगणक तरीही पूर्वीसारखाच चालतो, खरी भीती याचीच, कारण महिनोन्‌महिने कोणाला पत्ता लागत नाही. सूचनेचा मेल घरच्या संगणकावर बहुधा कुठेच जात नाही. त्याऐवजी पडद्यावर इशारा देणारी छोटी स्क्रिप्ट जोडावी आणि एमडीएडीएमच्या टेस्ट पर्यायाने ती चालते का ते पाहावे. डेबियनमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर संचाची तपासणी ठरलेली असते. रात्री बंद असलेल्या संगणकावर ती हुकू शकते, म्हणून हाताने चालवावी.

डिस्क बाहेर पडली म्हणजे ती मेलीच असे नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीचा ठेवते त्या स्मार्ट अहवालात १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडा (डेटा पाठवतानाच्या चुका) वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा. ५ आणि १९७ (खराब व संशयित सेक्टरांचे आकडे) वाढत असतील तर डिस्कचा. साध्या डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी मिनिट-दोन मिनिटे झगडतात, तर लिनक्स मूळ सेटिंगनुसार ३० सेकंदांत हात टेकतो आणि डिस्कला संचाबाहेर काढू शकतो. डिस्कला सोय असेल तर तिची मर्यादा ७ सेकंद करावी, नसेल तर लिनक्सची १८० करावी. हे सेटिंग बंद-चालू केल्यावर पुसले जाते, म्हणून ते सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये हवे.

डिस्क बदलताना एमडीएडीएमला आधी फेल, मग रिमूव्ह, नवी डिस्क लावून ॲड अशा आज्ञा द्याव्यात. संच उभाच राहत नसेल तर क्रिएट आज्ञा पुन्हा देऊ नये. डिस्कचा क्रम किंवा ऑफसेट (डेटा सुरू होण्याची जागा) चुकला तर वाचण्याजोगा डेटाही हातचा जातो. आहे तोच संच जोडणारी असेंबल आज्ञा वापरावी, तीही आधी फोर्सशिवाय (जबरदस्तीच्या पर्यायाशिवाय).

काढलेली जुनी डिस्क दुसऱ्या कामाला लावण्यापूर्वी तिच्यावरचा सुपरब्लॉक (ती कोणत्या संचाची याची नोंद) शून्य करावा. नाहीतर पुढच्या संगणकात ती जुन्या संचाचा अर्धा भाग म्हणून उभी राहते आणि नवे पार्टिशन करू देत नाही.